पऱ्यापलीकडचा देश

आमच्या ऑफिसच्या दारावर 'फ्रेंच कंट्री टूर, थेट रत्नागिरीहून' अशी पाटी लागली, त्याच संध्याकाळी एक गृहस्थ आत आले. खुर्चीत बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, कंट्री म्हणजे आपली तीच ना? फक्त फ्रेंच?"

मला आधी कळेना. मग ट्यूब पेटली. आमच्याकडे कंट्री म्हटलं की एकच वस्तू डोळ्यापुढे येते, आणि ती संध्याकाळीच लागते.

"दादा, ही कंट्री प्यायची नाही, बघायची," मी म्हटलं.

"नुसती बघायची?" ते म्हणाले, आणि उठून गेले. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. मी आठवडाभर ही गोष्ट सांगून हसत होते. पुढे ह्याच शब्दाने माझ्या तोंडचं पाणी पळवलं, तेव्हा मात्र हसायला कोणी शिल्लक नव्हतं.

मी अठ्ठ्याण्णव साली मांडवीच्या रस्त्यावरच्या त्या ऑफिसात लागले. मालक इब्राहिमशेठ. हा माणूस तरुणपणी आखातात राबून आलेला. तिथल्या मालकाने ह्यांचा पासपोर्ट कपाटात बंद करून ठेवला होता, आणि बापाच्या मातीलासुद्धा ह्यांना येता आलं नव्हतं. म्हणून परत आल्यावर त्यांनी तिकिटांचा धंदा काढला आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच मंत्र दिला, "पासपोर्ट म्हणजे जान. आपली जान आपल्या खिशात. तिच्याशिवाय परक्या देशात पाय टाकलास तर संपलास." सुरुवातीला आमचं गिऱ्हाईक म्हणजे आखातात जाणारी पोरं आणि मक्केला, उमऱ्याला जाणारी म्हातारी माणसं. मग दोन हजार साल उलटलं, आंबेवाल्यांच्या हातात चार पैसे खेळू लागले, आणि शेठच्या डोक्यात आलं की आता बागायतदारांना युरोप दाखवायचा. पॅरिसचा मनोरा सगळेच दाखवतात, आपण खेडी दाखवू. आंबेवाला माणूस, त्याला बाग बघायला आवडेल. आणि टूरवर न्यायला कोण? तर मालती, म्हणजे मी. लग्नाची बेडी नाही, इंग्रजी बरं, आणि आवाज असा की मांडवीवरून ओरडले तर खाडीपलीकडे भाट्याला ऐकू जाईल.

टूर मॅनेजर म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तसं नाही. लोकांना वाटतं, फुकट फिरायला मिळतं हिला. अहो, मी अर्धी दुनिया बघितली ती बसच्या मागच्या काचेतून, माणसं मोजत. सगळं काम मोजण्याचं. बसमध्ये चढताना डोकी मोजा, उतरताना मोजा, संडासातून आल्यावर मोजा. बाकी मग कोणाला चहात दूध हवं, कोणाला श्रावण आहे, कोणाची कवळी हॉटेलात राहिली. आणि सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या पोटाला बांधलेल्या पिशवीत. कारण माणसं पासपोर्ट उशीखाली ठेवतात आणि विसरतात. म्हणजे बघा, शेठ सांगणार आपली जान आपल्या खिशात, आणि मी लगेच उठून सगळ्यांच्या जानी माझ्या पोटावर बांधणार. ह्यात काही विसंगती आहे हे आमच्या दोघांच्याही कधी डोक्यात आलं नाही.

ज्या टूरची गोष्ट सांगायची आहे ती आंब्याचा हंगाम संपल्यावर, ऑगस्टातली. मंडळी बहुतेक पावस आणि आसपासची. त्यात दोन चुलतभाऊ होते, दत्तारामभाऊ आणि काशिनाथभाऊ. दोघेही सत्तरीच्या घरातले, दोघांच्याही डोक्यावर काळी टोपी. त्यांचं गाव एकच, पण मधून एक पऱ्या वाहतो. पऱ्या म्हणजे ओढा, पावसात गुडघाभर, उन्हाळ्यात नुसते दगड. अलीकडची वाडी दत्तारामभाऊंची, पलीकडची काशिनाथभाऊंची. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघते, घरोघर जाते. ती आधी कुठल्या वाडीत जायची, ह्यावरून ह्या दोघांचं फाटलं. आधी शब्द, मग हातघाई, मग पोलीस, मग कोर्ट. निकाल लागेपर्यंत पालखी देवळाबाहेर काढायची नाही असं ठरलं, आणि निकाल काही लागेना. कित्येक वर्षं देवी आत, शिमगा कोरडा. मुंबईहून चाकरमानी यायचे, बंद दाराला नमस्कार करून परत जायचे. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आणि मजा म्हणजे दोघांच्या मुलांनी, मुंबईत बसून, एकमेकांना न विचारता, बापाला एकाच टूरमध्ये बसवलं.

विमानतळावर त्यांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही तोंडं फिरवली. काशिनाथभाऊ बसच्या अगदी पुढच्या सीटवर बसले. दत्तारामभाऊ अगदी मागच्या. मधे सगळी टूर.

फ्रान्समध्ये आमच्या सोबतीला ओदीलबाई होत्या, तिथल्या गाइड. साठीच्या, काटकुळ्या, चालायला लागल्या की पळावं लागायचं. त्या फ्रेंच इंग्रजी बोलायच्या, मी रत्नागिरी इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी वाटेत कुठेतरी भेटली तर भेटली. उत्तरेला समुद्राजवळ आम्ही सुरुवात केली. तिथली घरं गवताने शाकारलेली, आणि छपराच्या माथ्यावर, अगदी कण्यावर, फुलझाडं लावलेली. सफरचंदांच्या बागा, खाली गाई. आमच्या मंडळींनी पहिलं काय केलं, तर खाली वाकून माती हातात घेतली आणि कलमं किती अंतरावर लावली आहेत ते बघितलं. मग खाली आलो तर छपरं काळ्या दगडी पाट्यांची. आणखी खाली आलो तर नळ्याची कौलं, थेट आपल्यासारखी. दत्तारामभाऊ एका घरासमोर उभेच राहिले. "अगो, हे तर आमच्या जुन्या गोठ्याचं छप्पर. इकडं कोणी आणलं?"

आता सांगू काय? दर दिवशी पाव वेगळा, चीज वेगळं, बायकांच्या डोक्यावरची जुनी टोपी वेगळी. एका ठिकाणी डोंगरातल्या गुहेत चीज पिकत घातलं होतं. वास असा की आमच्यातले एक म्हणाले, "मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर उतरलो काय?" ओदीलबाई सांगायच्या की हे चीज ह्याच टापूत झालं तरच ह्या नावाने विकता येतं, शेजारच्याने ते नाव लावायचं नाही. हे मात्र आमच्या लोकांना फार पटलं. कुठला कुठला आंबा रत्नागिरी हापूस म्हणून पेटीत भरतात, त्याचा राग बसमध्ये तासभर निघाला. मी त्याचं भाषांतर केलं नाही. ते छापण्यासारखं नव्हतं.

घोळ झाला तो एका शब्दाचा. ओदीलबाई सारख्या म्हणायच्या, "आता आपण ही कंट्री सोडतोय, दुसऱ्या कंट्रीत जातोय." पहिल्यांदा मी दचकलेच. म्हटलं, बाई, आपण फ्रान्स सोडतोय? त्या हसल्या. छे, फ्रान्स फ्रान्सच. पण त्यांच्या भाषेत 'पेई' म्हणून शब्द आहे, तो सगळ्या देशालाही आणि चार गावांच्या टापूलाही. मग शाळेत कंट्री म्हणजे देश शिकवलं ते काय? आणि कंट्री म्हणजे खेडं, हे आणखी तिसरंच. देशातल्या देशात देश. मी हात टेकले. आधी मी माईकवर 'भाग' म्हणत होते, मग 'मुलूख'. त्या दिवशी उकडत होतं, डोकं दुखत होतं, आणि माझ्या तोंडून सरळ निघालं.

नदीकाठचं एक गाव होतं, तिथे आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर मी माईक घेऊन म्हटलं, "मंडळी, आता पूल ओलांडला की आपण दुसऱ्या देशात."

दत्तारामभाऊ मागून चालत माझ्यापाशी आले. "माझा पासपोर्ट दे गो."

"कशाला भाऊ? काही लागत नाही. बसा तुम्ही."

"दुसरा देश ना?"

"हो हो, दुसरा. बसा."

मला कोणीतरी हाक मारली, कोणाची तरी पिशवी हॉटेलात राहिली होती. तेवढ्यात ओदीलबाईंनी मला काहीतरी विचारलं, मी न कळताच मान हलवली. मग डोकी मोजली. बरोबर भरली. मागच्या सीटवर काळी टोपी खिडकीकडे तोंड करून बसली होती. बस निघाली, पूल ओलांडला.

पुढच्या गावात बस थांबली तेव्हा ती काळी टोपी उठली, माझ्यासमोर आली, हसली आणि म्हणाली, "मेर्सी, मादाम." आणि उतरून चालू पडली.

"दत्तारामभाऊ फ्रेंच कधी शिकले?" कोणीतरी म्हणालं.

तो ड्रायव्हरच्या ओळखीचा म्हातारा होता. तिकडची म्हातारी माणसंही तसलीच काळी चपटी टोपी घालतात. त्याला पुढच्या गावापर्यंत सोडायचं का, हे ओदीलबाई मला विचारत होत्या, आणि मी मान हलवली होती.

सत्तरीचा माणूस, भाषा नाही, हातात फोन नाही, पासपोर्ट माझ्या पोटावर. त्यांच्या मुलांना काय तोंड दाखवू? बसमध्ये एकच कल्ला. कोणी म्हणे पोलिसांत जा, कोणी म्हणे वकिलातीला फोन लावा, एक बाई रामरक्षा म्हणायला लागल्या. काशिनाथभाऊ मात्र सीटवरून उठून दाराशी उभे राहिले. चेहरा राखेसारखा. ड्रायव्हरने बस वळवली तशी ते एवढंच म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

पुलाच्या अलीकडे रस्ता अडवलेला होता, गावात काहीतरी होतं म्हणून गाड्या बंद. मी, ओदीलबाई आणि काशिनाथभाऊ चालत पूल ओलांडून गेलो. गावात चिटपाखरू नाही. सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. ज्या हॉटेलात जेवलो तेही बंद. मी हाका मारत सुटले, "दत्तारामभाऊ! ओ दत्तारामभाऊ!" एका झडपेमागून कुत्रं भुंकलं, एवढंच उत्तर.

पुलाखाली नदीला लागून कपडे धुवायची जुनी जागा होती. वर नळ्याच्या कौलांचं छप्पर, खाली दगडी हौद, कडेला बायकांनी कपडे आपटून झिजवलेले दगड. जेवणाआधीच ओदीलबाईंनी ती आम्हाला दाखवली होती, जुना ठेवा म्हणून. त्या दगडावर दत्तारामभाऊंचे बूट होते. मुलाने टूरसाठी घेऊन दिलेले पांढरे, नवे. शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले, आणि पुढे पाणी.

मला दुसरं काही सुचेना. आतापर्यंत मी ह्या धंद्यात सगळं सोसलं होतं, पण हे नाही. मी रडायलाच लागले. ओदीलबाई पाण्यात वाकून बघू लागल्या.

काशिनाथभाऊ मात्र बुटांपाशी गेले. एक बूट उचलला. आत मोजे घडी करून ठेवले होते. मग दगडाकडे बघितलं. दगडावर ओल्या पावलांचे ठसे होते, हौदाच्या कडेपासून वर रस्त्याकडे जाणारे, उन्हात अर्धे सुकलेले.

"रडू नको गो," ते म्हणाले. "जीव द्यायला निघालेला माणूस मोजे घडी करून ठेवील? पाय धुतलेत त्याने. पाय धुवून देवाकडे गेलाय."

"इथे कुठला देव?"

"तुला वाजप ऐकू येत नाय?"

मी कान दिला. खरंच, वरच्या बाजूला कुठेतरी ढोल वाजत होता, आणि मधे मधे घंटा. गाव रिकामं का होतं ते आता कळलं. सगळं गाव तिकडे होतं.

"वाजप कानावर आलं की घरात थांबणारा माणूस नाय तो," काशिनाथभाऊ म्हणाले, आणि माझ्यापुढे चढ चढायला लागले. गुडघे दुखतात म्हणून हा माणूस चार दिवस लिफ्टशिवाय हलला नव्हता.

वळणावर मिरवणूक दिसली. पुढे दोन पोरी मेणबत्त्या घेऊन, मग ढोलवाला, मग पाद्री, आणि मागे लाकडी पाटावर निळ्या वस्त्रातली मारियामातेची मूर्ती, चौघांच्या खांद्यावर. तिघे फ्रेंच म्हातारे, कोट घातलेले. पुढचा उजवा खांदा आमच्या दत्तारामभाऊंचा. अनवाणी, विजार घोट्याच्या वर दुमडलेली, टोपी खिशात. आणि ते नुसते चालत नव्हते. पालखीची चाल चालत होते, दोन पावलं पुढे, एक मागे, जरा झोका देऊन. मूर्ती डुलत होती. पाद्री हाताने 'हळू, हळू' करत होता, मागचे दोन म्हातारे आधी घाबरले असतील, पण आता हसत होते आणि पाय जुळवायचा प्रयत्न करत होते. मला हसू की रडू कळेना. आधी संताप आला, खरं सांगते. जवळ जाऊन ह्यांना दोन शब्द सुनवावे असं वाटलं, पण देव खांद्यावर असलेल्या माणसाला बोलायचं कसं?

दत्तारामभाऊंनी आम्हाला बघितलं. माझ्याकडे लक्षही दिलं नाही. त्यांच्या शेजारी, पुढच्या डाव्या बाजूचा म्हातारा घामाने निथळत होता, पाय ओढत होता.

"काश्या," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "बघत काय राहिलास मेल्या? ह्याचा दम गेलाय. डावा खांदा घे."

काशिनाथभाऊ खाली वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या. गाठ सुटेना, तशी ओदीलबाई पुढे झाल्या. तापलेल्या दगडांवर काशिनाथभाऊंनी पाय टेकले, पाण्याची बाटली माझ्या हातातून घेऊन पायांवर ओतली, आणि त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरून दांडा आपल्या खांद्यावर घेतला. म्हातारा बाजूला झाला, रुमालाने तोंड पुसत काहीतरी म्हणाला. मग दोघा भावांचे पाय जुळले. मूर्ती जी डुलायला लागली ती थेट चर्चच्या दारापर्यंत.

मूर्ती आत बसवल्यावर दत्तारामभाऊ माझ्यापाशी आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तू म्हणालीस दुसरा देश. शेठ म्हणाला, पासपोर्टाशिवाय परक्या देशात पाय टाकायचा नाय. तू पासपोर्ट देईनास. मग मी चोरासारखा कशाला जाऊ? मागच्या दाराने उतरलो. म्हटलं, तुमचं तिकडचं बघून झालं की ह्याच वाटेने याल. बसलो नदीवर. तेवढ्यात वाजप आलं."

प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि सगळं मिळून वेड्यांचा बाजार.

"त्यांना विचार," ते पुढे म्हणाले, "इथं पहिल्या खांद्याचा मान कोणाचा?"

मी ओदीलबाईंना विचारलं. 'मान' शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला कळेना, माझं इंग्रजी त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या म्हाताऱ्यांना काहीतरी विचारलं. ते एकमेकांकडे बघत राहिले. मग तो दमलेला म्हातारा खांदे उडवून बोलला. ओदीलबाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, जो येईल त्याचा. पोरं शहरात आहेत. मागच्या वर्षी चार खांदे मिळाले नाहीत, म्हणून मूर्ती चाकाच्या गाडीवर ठेवून आणली."

मी ते मराठीत सांगितलं. दत्तारामभाऊंनी खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली. काशिनाथभाऊ बूट हातात घेऊन तसेच अनवाणी पुलाकडे चालू लागले.

मला वाटलं, चला, भांडण मिटलं. बसमध्ये आता शेजारी बसतील. कसलं काय! एक पुढे, एक मागे, मधे सगळी टूर. परत येईपर्यंत एक शब्द नाही. मुंबईला विमानतळावर दोघांनी आपापल्या मुलांच्या गाड्या गाठल्या. मी शेठना सगळं सांगितलं, ते डोक्याला हात लावून बसले. "मालती, तो पासपोर्ट त्याच्याजवळ असता तर?" मी म्हटलं, "तर त्यांनी पूल ओलांडला असता, आणि उशीखाली पासपोर्ट विसरले असते." आम्ही दोघंही आजपर्यंत ठरवू शकलो नाही की चूक नक्की कोणाची.

त्यानंतरच्या शिमग्याला फोन आला. "पालखी निघतेय, ये." कोणाचा फोन ते सांगितलंच नाही, पण आवाज दत्तारामभाऊंचा होता. मी पोचले तेव्हा अलीकडच्या वाडीत सामसूम. म्हटलं, पुन्हा काही बिनसलं की काय? मग पऱ्यापलीकडून ढोल ऐकू आला. दगडांवरून उड्या मारत मी पलीकडे गेले. काशिनाथभाऊंच्या घरापुढच्या खळ्यात पालखी नाचत होती, गुलालाने सगळे लाल, आणि पुढच्या दोन खांद्यांवर ते दोघे भाऊ.

पालखी टेकल्यावर मी दत्तारामभाऊंना गाठलं. "आधी इकडे? म्हणजे काशिनाथभाऊ केस जिंकले?"

"केस कसली? काढून घेतली."

"आणि पहिला मान? त्याच्यासाठी तर एवढं सगळं झालं!"

"तूच माईकवर ओरडलीस ना, पाणी ओलांडलं की दुसरा देश?" ते दम खात म्हणाले. "मग हा काश्या परक्या देशातला. घरच्यांच्या आधी पाव्हण्याला पान वाढतात की नाय?"

काशिनाथभाऊ मागून ओरडले, "मेल्या, माझ्या खळ्यात उभा राहून मला पाव्हणा म्हणतोस?"

मला हसू आवरेना. "आणि भाऊ, परक्या देशात आलात ते पासपोर्टाशिवाय?"

दत्तारामभाऊंनी धोतर जरा वर उचललं आणि पाय दाखवले. गुलाल सगळीकडे होता, पण घोट्याच्या खाली पाय स्वच्छ, ओले.

"हे काय, पऱ्यात पाय धुवून आलोय," ते म्हणाले, आणि पुन्हा पालखीखाली शिरले.